टेक्निकल डायरेक्टर व्हा, जिल्हा संघाचे कोच होऊ नका

वाचकाचं पत्र

मी अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक आहे. एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स आहे. आमच्या जिल्हा फुटबॉल संघटनेनं टेक्निकल डायरेक्टर हे पद नव्यानं काढलंय आणि मला विचारलंय. मानधन जेमतेम. सचिवांचं म्हणणं असं, की चौदा वर्षांखालचा जिल्हा संघ मीच निवडावा, मीच खेळवावा आणि दोन वर्षांत राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत न्यावा. जिल्ह्यात नियमित खेळणारे क्लब आणि शाळा मिळून आठ-दहा संघ. मैदानं मुरमाची नाहीतर काळ्या मातीची. शहरातले दोन क्लब एकमेकांचं तोंड बघत नाहीत. माझ्या शाळेचा संघही याच स्पर्धांत असतो. आमदार निधीतून टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, मिळायची बोलणी चालू आहेत, ते कसं असावं हेही मलाच सांगायचंय. पद घेऊ का? घेतलं तर सुरुवात कुठून करू?
– एक क्रीडाशिक्षक, मराठवाडा (नाव आणि जिल्हा राखून)

उत्तर

सर, पद घ्या. पण सचिव सांगताहेत ते टेक्निकल डायरेक्टरचं काम नाही, ते जिल्हा संघाच्या कोचचं काम आहे. दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली की कोचचं काम दुसऱ्याला गिळून टाकतं, कारण राज्य स्पर्धेची तारीख ठरलेली असते आणि बाकी सगळं ‘पुढच्या महिन्यात बघू’वर जातं. वर्षाअखेर तुमच्या हातात निवडलेली अठरा मुलं असतील आणि जिल्हा होता तिथंच.

टेक्निकल डायरेक्टरनं बघायचं ते एवढंच: जिल्ह्यातल्या बारा वर्षांखालच्या मुलाला वर्षात किती खरे सामने खेळायला मिळतात, त्याला शिकवणाऱ्याला शिकवता येतं का, आणि पुढच्या वर्षी तो मुलगा मैदानावर परत येतो का. जिल्हा संघ या तिन्हींतून तयार होतो. उलट्या बाजूनं कुणाला जमलेलं नाही.

सचिवांना पटवायला एक उदाहरण जवळ ठेवा. बेल्जियम २००० च्या युरो स्पर्धेचा सहयजमान होता आणि गटातच बाद झाला. त्यानंतर त्यांचे टेक्निकल डायरेक्टर मिशेल साब्लोन यांनी लहान वयाचा खेळ मुळापासून बदलला. लहानग्यांसाठी दोनास दोन, मग पाचास पाच, मग आठास आठ, आणि अकरास अकरा सगळ्यात शेवटी. अगदी लहान गटांतले गुणतक्ते बंद केले. बेल्जियम फिफा क्रमवारीत पहिल्यांदा पहिला आला तो २०१५ च्या नोव्हेंबरात. आपल्याकडे २०११ मध्ये एआयएफएफनं नेदरलँड्सच्या रॉब बान यांना या पदावर आणलं, तेव्हा राष्ट्रीय संघाचा कोच वेगळाच होता. जिल्ह्याला दोन वर्षांत उपांत्य फेरी हवी असेल तर त्यांनी वेगळा कोच नेमावा. तुम्ही त्याला मुलं पुरवाल.

नियुक्तिपत्र घेताना घाई करू नका. तोंडी ठरलेलं पद पहिल्या वादात जातं. पत्रात मुदत किमान तीन वर्षांची असू द्या, कारण बारा वर्षांखालचा मुलगा चौदाच्या गटात पोचायलाच दोन वर्षं लागतात. तुम्ही कुणाला उत्तर द्यायचं ते लिहून घ्या: कार्यकारिणीला, तेही तीन महिन्यांतून एकदा, एका पदाधिकाऱ्याला रोज फोनवर नव्हे. वयोगटांच्या स्पर्धांचं स्वरूप तुम्ही ठरवणार हे लिहून घ्या. खर्चाचे अधिकार मात्र मागू नका, चेंडूंच्या बिलावरून जेवढी भांडणं होतात तेवढी ऑफसाइडवरून होत नाहीत. तुम्ही गरजेची यादी द्यायची, खरेदी खजिनदारानं करायची. आणि तुम्ही अनुदानित शाळेत आहात, तेव्हा मानधनाचं पद स्वीकारण्याआधी संस्थेची लेखी परवानगी फाइलला लागलेली हवी.

तुमच्या शाळेचा संघ हा खरा अडचणीचा मुद्दा आहे, आणि तुम्ही तो पत्रात एका ओळीत उरकलाय. ज्याचा स्वतःचा संघ स्पर्धेत आहे त्यानं जिल्हा संघ निवडला, तर निवड कितीही चोख असो, पहिल्या यादीलाच ‘सरांची पोरं’ हे नाव पडेल. म्हणून निवड समिती तिघांची ठेवा, त्यातला एक शेजारच्या जिल्ह्यातला, आणि तुम्ही त्यात नाही. निवड कशी करायची ती पद्धत तुम्ही लिहून द्या. नावं त्यांनी काढावीत. शक्य असेल तर शाळेचा संघ या काळापुरता सहकाऱ्याकडे द्या.

आता सामन्यांकडे. आपल्याकडची बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीची. सोळा संघ आले तर एकूण सामने पंधरा, आणि पहिल्याच फेरीत आठ संघ घरी. म्हणजे निम्मी मुलं एक सामना खेळून, एसटीच्या भाड्याचे पैसे मोडून परत. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशीच चढते आणि १४, १७, १९ या वयोगटांपासून सुरू होते. शाळांच्या राष्ट्रीय सुब्रतो कपचेही गट १५ आणि १७. त्याखालच्या मुलांसाठी जिल्ह्यात जवळपास काहीच नसतं. हीच जागा तुमची. तिथं तुमची कुणाशी स्पर्धा नाही, परवानग्यांचं लफडं कमी आणि फायदा सगळ्यात जास्त.

आठ संघांची बारा वर्षांखालची साखळी लीग घ्या, सातास सात. एकेरी साखळीत सामने होतात २८, प्रत्येक संघाला सात. हे ऐकायला जड वाटतं, पण हिशोब करून बघा. शंभर बाय साठ मीटरच्या एका मैदानात सातास सातची दोन मैदानं आडवी बसतात. एकाची लांबी ५५ मीटर, रुंदी ३७. दोन्हींमध्ये तीन-चार मीटर मोकळे सोडलेत तरी एका टोकाला वीस-बावीस मीटरचा पट्टा उरतो. तिथं आठ वर्षांखालच्यांचं तीस बाय वीसचं छोटं मैदान आखा, धाकटी भावंडं तिथं खेळतील. सामना पंधरा-पंधरा मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटं, पुढच्या संघांना उतरायला दहा. म्हणजे एका सामन्याला पाऊण तास. सकाळी सात ते दहा या वेळात एका मैदानावर चार, दोनांवर आठ सामने. प्रत्येक संघ एका रविवारी दोन सामने खेळतो. चार रविवारांत लीग संपते, आणि चौथ्या दिवशी अर्धी सकाळ शिल्लक राहते. वेळापत्रक आखताना कुठल्या संघाला लागोपाठ दोन सामने येत नाहीत ना, एवढं मात्र हातानं तपासा.

संघात बाराच मुलं. सात जागा, दोन हाफ, म्हणजे चौदा जागा; बारांपैकी प्रत्येकाला किमान एक पूर्ण हाफ मिळतो आणि दोघं दोन्ही हाफ खेळतात. ‘प्रत्येकाला एक हाफ’ हा नियम लिहा आणि मोडणाऱ्याचे गुण कापा. नाहीतर तीन मुलं चारही रविवार कडेला बसून पाणी वाटतील आणि पाचव्या रविवारी दिसणार नाहीत. बाहेर गेलेला मुलगा परत आत येऊ शकतो, असंही ठेवा. युवा आणि ग्रासरूट फुटबॉलसाठी मैदान, चेंडू, गोल, वेळ आणि परत येणारे बदली खेळाडू यांत बदल करायची मुभा खेळाच्या नियमांतच आहे, तेव्हा ‘हे नियमात बसतं का’ म्हणणाऱ्याला नियमपुस्तिका दाखवा. गोलकिकच्या वेळी समोरच्या संघानं मध्यरेषेमागे जायचं, हाही नियम घाला. त्याशिवाय गोलकीपर चेंडू लांब भिरकावत राहतो आणि मागची मुलं पास द्यायला शिकतच नाहीत.

चेंडू चार नंबरचा, ३५० ते ३९० ग्रॅमचा. पाच नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. तो दहा वर्षांच्या पोराला दिला की ते पंजाच्या टोकानं मारायला शिकतं, आणि ती सवय पुढं सुटत नाही. शिवलेला महागडा चेंडू मुरमावर महिन्यात सोलून निघतो. मोल्डेड, म्हणजे बिनशिलाईचा, घ्या, आणि बाभळीच्या काट्यांसाठी जादा ब्लॅडर न घेता जादा चेंडूच घ्या. हवा मोजायला गेज ठेवा. नियमात मोठ्यांच्या चेंडूचा दाब ०.६ ते १.१ बार आहे. लहानांसाठी खालच्या टोकाजवळ ठेवा. आपल्याकडे पोरं चेंडू दगडासारखा टणक होईपर्यंत पंप मारतात, उन्हात तो आणखी फुगतो, मग हेडिंगला कुणी डोकं देत नाही. आठ संघांच्या लीगला चोवीस चेंडू, दोन पंप, डझनभर सुया, साठ कोन आणि दोन रंगांची प्रत्येकी सोळा बिब्ज (संघ ओळखायला वरून घालायच्या बंड्या) पुरतात.

गोल स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. जीआय पाइप, रुंदी ३.६६ मीटर, उंची १.८३, मागं पाया पुरेसा लांब. एक गोष्ट मात्र सक्तीची: हलवता येणारा गोल मागच्या पायावर वाळूची पोती टाकून किंवा खुंट्या ठोकून बांधलाच पाहिजे. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात, गोल पुढं कोसळतो आणि तो सरळ डोक्यावर येतो. यात जगभर मुलं दगावली आहेत. सामन्याआधी पंचानं गोल हातानं ओढून बघायचा, हे त्याच्या कामात लिहून टाका.

वेळापत्रक आपल्या मुलखाचं बनवा, पुण्या-मुंबईचं उचलू नका. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. बीडचे तालुके, जालना-परभणीचा बराच भाग, धाराशिवची काही गावं इथं नोव्हेंबरात सुरू केलेली लीग म्हणजे अर्ध्या संघांचे सात-आठ खेळाडू गायब. दुसरीकडे काळ्या मातीवर जुलैच्या झडीत आठवडा-आठवडा खेळता येत नाही. यावर आमचा तोडगा असा: एक लीग ऑगस्ट-सप्टेंबरात, मुरमाच्या मैदानांवर, सगळ्यांसाठी, दुसरी डिसेंबर-जानेवारीत, जी मुलं गावात किंवा हंगामी वसतिगृहात आहेत त्यांच्यासाठी. वसतिगृहातली मुलं विसरू नका. संध्याकाळी ती मोकळी असतात, जेवणाची सोय असते, आणि त्यांच्यासाठी संघ काढायला फक्त एक चेंडूपिशवी आणि एक कोच लागतो. स्थलांतर करून परतलेल्या मुलाला ‘तू चार महिने नव्हतास’ म्हणून जिल्हा चाचणीतून वगळायचं नाही, हेही लिहून ठेवा.

फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी साडेआठला संपला पाहिजे, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. पाण्याची विश्रांती दर पंधरा मिनिटांनी, मुलांनी मागितली तरच नव्हे.

जिल्हा लांबट असेल तर विभाग पाडा. बीडचंच घ्या: आष्टीच्या मुलांना परळीला सामन्याला बोलावणं म्हणजे एक अख्खा दिवस आणि पालकांचा नकार. पण अंबाजोगाई, परळी, केज, धारूर एका गटात जमतात. बीड, गेवराई, माजलगाव दुसऱ्यात. गटात लीग आणि शेवटी एक दिवस सगळे एकत्र, एवढं पुरे.

कोचच्या बाबतीत तुमच्याकडे डी लायसन्स आहे, पण एकट्या तुमचं लायसन्स जिल्ह्याला पुरत नाही. मापदंड असा धरा: सोळा मुलांमागे एक माणूस, ज्यानं निदान पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम केलाय. एआयएफएफची शिडी ई, डी, सी, बी, ए, प्रो अशी आहे. एका जिल्ह्यातून तुकडी भरत नाही, म्हणून शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांना सोबत घेऊन विफाकडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या राज्य संघटनेकडे, मराठवाड्यातच डीचा अभ्यासक्रम मागा. यजमानाला मैदान, वर्गखोली, प्रोजेक्टर, पुरेसे चेंडू आणि प्रात्यक्षिकाला येणारी मुलं द्यावी लागतात. अर्जाबरोबरच हे सगळं तयार आहे असं कळवलंत तर काम लवकर होतं. फी संघटनेनं भरावी, पण बदल्यात कोचनं दोन वर्षं जिल्ह्यातल्या एका संघावर काम करायचं, असं लिहून घ्या. नाहीतर लायसन्स घरात फ्रेम होऊन लटकतं. गावातला जुना खेळाडू इंग्रजीला बिचकून अभ्यासक्रमाला येत नाही. त्याला आधी दोन रविवार मराठीतून तयारी करून द्या.

लायसन्सनंतरचं काम त्याहून महत्त्वाचं. प्रत्येक कोचचा सराव वर्षातून दोनदा जाऊन बघा, तासभर, हातात घड्याळ. बहुतेक ठिकाणी काय दिसेल ते आत्ताच सांगतो. वीस पोरं एका रांगेत, पुढं पाच कोन, शेवटी गोल, चेंडू एक. एकाला ड्रिबल करून शॉट मारायला पंधरा सेकंद लागतात. म्हणजे पुन्हा नंबर यायला पाच मिनिटं. तासात बारा पाळ्या, एका मुलाला चेंडूसोबत मिळाली एकूण तीन मिनिटं, आणि उरलेली सत्तावन्न रांगेत, पुढच्याच्या पाठीवर बुक्क्या मारत. कोच बिचारा घसा फोडून शिस्त लावत असतो. त्याला दोष देऊन काही होणार नाही, शाळेत त्यानंही हेच पाहिलंय. त्याच मुलांचे चार-चारांचे पाच गट करा, आठ बाय आठ मीटरचे पाच चौकोन, पाच चेंडू, तिघं बाहेर आणि एक आत चेंडू अडवणारा. दर मिनिटाला आतला बदला. तेवढ्याच वेळात प्रत्येकाच्या पायाला चेंडू कितीतरी पटींनी जास्त लागतो आणि आरडाओरडा आपोआप कमी होतो. तुमच्या निरीक्षणाच्या कागदावर एकच मुख्य रकाना ठेवा: मुलं उभी राहिली ती मिनिटं. सत्रानंतर कोचला हा आकडा एकट्याला सांगा, मुलांसमोर नाही.

सरावात मुलं उभी राहू नयेत म्हणून सोपी मांडणी: पहिली दहा मिनिटं चेंडू घेऊन पळापळ, वीस मिनिटं असे चौकोन, वीस मिनिटं दोनास दोन ते चारास चार, वीस मिनिटं सामना. मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावणं बंद. बारा वर्षांच्या मुलाला त्यातून काही मिळत नाही आणि वेळ जातो.

निवड चाचणीबद्दल. एका सकाळी दोनशे पोरं बोलावून, प्रत्येकी दहा मिनिटं बघून, उंच आणि दांडगी अठरा काढणं ही आपली रूढ पद्धत आहे. चौदा वर्षांच्या गटात जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठा असतो. त्या वयात ते वर्ष म्हणजे चांगली उंची. म्हणून चाचणी लीगच्या सामन्यांतच घ्या, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि निवडलेल्यांच्या जन्माचे महिने शेवटी मोजा. अठरातले बारा जर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतले निघाले, तर तुम्ही फुटबॉल नव्हे, वाढ निवडलीत. वर्षात उशिरा जन्मलेल्या, मागे राहिलेल्या मुलांसाठी सहा-आठ जणांची राखीव यादी ठेवा आणि त्यांनाही सरावाला बोलवा.

वय चोरीचा प्रश्नही इथंच येतो. दाखल्यावरची १ जून ही तारीख आपल्याकडे किती घरांत आहे हे तुम्हाला सांगायला नको. जन्मदाखला आला की जन्मतारखेआधी नोंदणीची तारीख वाचा. जन्मानंतर एकवीस दिवसांत नोंद व्हायला हवी. दहाव्या वर्षी केलेली नोंद असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, पहिलीत दाखल झाल्याचं वर्ष, सगळं ताडून बघा. एआयएफएफच्या लहान वयोगटांत मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढणारी टीडब्ल्यू३ चाचणी वापरतात. जिल्ह्यात सरसकट एक्स-रे काढत बसू नका, पण ही चाचणी पुढं होते हे पालकांच्या बैठकीत स्पष्ट सांगा. निम्मे खोटे कागद त्या बैठकीनंतर येतच नाहीत. खेळाडूंची एआयएफएफच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी लीगच्या आधी उरका. स्पर्धेच्या आदल्या रात्री मोबाइलवरून फोटो चढवत बसलं की चुका होतात.

मुलींसाठी वेगळं प्रकरण लिहायची गरज नसावी, पण आहे. बारापर्यंत मिश्र संघ खेळवा. त्यानंतर मुली गळतात त्या खेळाच्या कंटाळ्यानं नव्हे. सराव अंधार पडल्यावर संपतो, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं, सोबत बाई नसतात. सराव शाळा सुटल्याबरोबर, शाळेच्याच आवारात, एक शिक्षिका किंवा मोठी खेळाडू संघ व्यवस्थापक म्हणून, आणि ट्रॅकपॅंट घालून खेळायला मोकळीक. एवढं केलं तर पालकांचा विरोध निम्म्यावर येतो.

दुसरी मोठी गळती दहावीनंतर. लातूर-नांदेडच्या क्लासला गेलेला मुलगा दोन वर्षं मैदान बघत नाही. त्याच्याशी भांडू नका. रविवारी सकाळी तास-दीड तास पंचगिरी किंवा लहानांना शिकवायला या म्हणा. नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आणि क्रीडा गुण यांची खरी माहिती पालकांना द्या, आणि ते कोणत्या स्तरावरच्या खेळासाठी मिळतात हे क्रीडा अधिकारी कार्यालयातून लेखी आणा. ऐकीव माहितीवर मुलांना आशा लावू नका.

भांडणाऱ्या दोन क्लबांमध्ये समेट घडवायला जाऊ नका, ते तुमचं काम नाही आणि जमणारही नाही. एका रविवारी एकाचं यजमानपद, पुढच्या रविवारी दुसऱ्याचं, पंच तिसरेच, दोघांचे कोच एकाच अभ्यासक्रमाला. यादी आधीच छापलेली असली की बोलायला फारसं उरत नाही.

मैदानाचं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात बुटाला चिकटते, म्हणून तिच्यावर मुरमाचा दहा-पंधरा सेंटीमीटरचा थर लागतो, बारीक, मोठे खडे चाळून काढलेला. मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना अगदी थोडा उतार, मीटरला एक सेंटीमीटर, कडेनं चर. रोलर थर ओलसर असताना फिरवा, चिखल असताना नाही. गोलकीपरच्या पुढची जागा मऊ ठेवा. ती मुरमाची असली की कीपर झेपच घेत नाही, आणि मग जिल्ह्यात कीपर तयार होत नाहीत अशी तक्रार आपण करत बसतो. गणपती-नवरात्रात मंडप पडला तर खांबांचे खड्डे दुसऱ्याच दिवशी मुरूम भरून धुमसून घ्या. घोटे तिथंच मुरगळतात, आणि गवत उगवल्यावर ते खड्डे दिसतही नाहीत.

हिरवळीचा हट्ट धरू नका. शंभर बाय साठ मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सहा हजार लिटर, एक टँकर. त्यात धूळ बसते, इतकंच. उन्हाळ्यात गवत जगवायला रोज पाच-सहा मिलिमीटर लागतं, म्हणजे रोज पाच-सहा टँकर. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं. त्या मुलखात मैदानावर एवढं पाणी ओतायची परवानगी मागायला तुम्हालाच संकोच वाटेल.

राहिलं टर्फ. पूर्ण मैदानाचं टर्फ मागू नका. त्याच्या खालच्या थराला आणि निचऱ्यालाच मोठा पैसा लागतो, आणि तो वाचवला तर दोन पावसाळ्यांत टर्फ फुगतं. साठ बाय चाळीसचं एक मागा: त्यावर सातास सात होतं आणि आडवं आखून लहानांची दोन मैदानं बसतात. आपल्याकडे दुपारी कृत्रिम गवत उघड्या पायाला चटका बसेल इतकं तापतं, म्हणून दिवे अंदाजपत्रकातच धरा, नाहीतर मार्च ते जून ते कुलूपबंद राहील. कडेच्या जाळीपासून रेषेपर्यंत दोन-तीन मीटर मोकळे हवेत. भाड्याच्या बॉक्स टर्फवर ते नसतात आणि मुलं जाळीवर आदळतात. ब्रश मारायचं यंत्र आणि वर्षातून एकदा रबराचे दाणे भरायचा खर्च कुणाचा, हे उद्घाटनाआधी ठरवून घ्या. संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ जिल्ह्याच्या वयोगटांसाठी राखीव, आठनंतर भाड्यानं, असा ठराव करून घ्या, आणि तो ठराव नियुक्तिपत्राच्याच फाइलला लावा.